विजार लक्षात राहिली, बैल विसरले

एखादा माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल काय सांगावं याला काही नियम नाही. पण काय सांगितलं जातं, त्याची मात्र एक ठरलेली वाट असते असं मला हल्ली फार वाटतं. जे चमत्कारिक असेल ते सगळ्यांत आधी. जे घरगुती असेल ते त्यानंतर. आणि ज्या कामात त्या माणसानं उभा जन्म घातला ते, वेळ उरला तर! त्यातून ती बाई असेल तर वेळ बहुधा उरतच नाही.

रोझा बोनर नावाच्या फ्रेंच चित्रकर्तीचं नेमकं असंच झालं आहे. जन्म १६ मार्च १८२२, बोर्दो शहरात. मृत्यू २५ मे १८९९, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. सारं आयुष्य तिनं प्राण्यांची चित्रं काढली, प्राण्यांची शिल्पं केली. बैल, घोडे, मेंढ्या, हरणं, रानडुकरं, सिंह. एकोणिसाव्या शतकात जिवंतपणी इतकी कीर्ती आणि इतका पैसा मिळवलेली दुसरी चित्रकर्ती शोधावी लागेल. पण तिच्याविषयी कुठेही चार ओळी वाचायला मिळाल्या की त्यात हमखास तीन गोष्टी येतात. बाई पुरुषांची विजार घालायची, बाई सिगरेट ओढायची, बाईनं सिंहीण पाळली होती. झालं, संपली ओळख.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की क्रम चुकतो आहे. म्हणून आज मी तिची गोष्ट माझ्या क्रमानं सांगणार आहे. थोडी लांबेल, पण तुम्ही मंडळी सांभाळून घ्याल.

सुरुवात अक्षर-ओळखीपासून करते. सवयच ती!

लहानपणी रोझाला लिहावाचायला अजिबात आवडत नसे. कागद-पेन्सिल दिली की पोरगी तासन् तास चित्रं काढत बसायची, पण अक्षर म्हटलं की नकोच. तिची आई सोफी पियानोच्या शिकवण्या घेत असे. तिनं एक युक्ती केली. प्रत्येक अक्षराला एक प्राणी निवडायचा आणि त्या अक्षराशेजारी त्याचं चित्र काढायचं. अशी सगळी मुळाक्षरं. रोझा वाचायला शिकली ती अशी.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? आपल्याकडे नाही का 'ग गणपतीचा'? फरक आहे. आपल्या तक्त्यावरचं चित्र छापखान्यातून येतं, मूल फक्त बघतं. इथे चित्र मुलीनं स्वतःच्या हातानं काढायचं होतं. जे तिला येत होतं त्याच्या बोटाला धरून, जे येत नव्हतं तिथवर आईनं तिला नेलं. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, डी.एड.ची पुस्तकं वाचली, शिबिरं केली. शिकवणं म्हणजे काय हे याहून थोडक्यात सांगणारी गोष्ट मला तरी ठाऊक नाही. आणि सांगणारी कोण, तर शिक्षणशास्त्राचं नावही न ऐकलेली चार मुलांची आई.

या सोफीबाईंचं पुढे काय झालं तेही ऐका. नवरा रेमों बोनर हा चित्रकार आणि चित्रकलेचा शिक्षक. सां-सिमों यांच्या विचारांचा एक पंथ तेव्हा पॅरिसमध्ये होता. स्त्री-पुरुष समान आहेत, मुलींनाही मुलांसारखंच शिक्षण द्यावं, असं तो पंथ सांगे. रेमों त्यात इतके रमले की काही काळ घर सोडून पंथाच्या मठात जाऊन राहिले. मागे बायको आणि चार मुलं. शिकवण्या आणि शिवणकाम करून सोफीबाई थकल्या आणि १८३३ साली गेल्या. स्वतंत्र थडग्यापुरते पैसे घरात नव्हते, त्यामुळे गोरगरिबांच्या सामायिक जागेत त्यांना पुरलं. रोझा तेव्हा अकरा वर्षांची होती.

समतेवर व्याख्यानं देणारा बाप आणि घरात राबून राबून संपलेली आई! ही जोडी पाहायला पॅरिसला जायला नको, आपल्याकडेही सापडेल. पण रेमोंच्या पदरात त्यांचं माप टाकायलाच हवं. मुलीच्या बाबतीत पुढे ते आपल्या विचारांना जागले.

झालं असं की रोझा कुठल्याच शाळेत टिकेना. एका शाळेतून काढलं, दुसरीतून काढलं. शिवणकाम शिकायला ठेवली, तिथेही जमेना. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि घरीच चित्रकला शिकवायला घेतली. आधी छापील चित्रांवरून रेखाटनं, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, मग जिवंत जनावरांवरून. चौदा वर्षांची असल्यापासून ती लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करू लागली. त्या काळात मुलींना सरकारी कलाशाळेत प्रवेशच नव्हता, तेव्हा बाप हाच मास्तर आणि संग्रहालय हीच शाळा. घरी सहाव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात ससे, पक्षी, एवढंच काय, एक मेंढीसुद्धा पाळलेली होती. तिला चरायला न्यायचं म्हणजे भाऊ खांद्यावर घेऊन सहा जिने उतरत!

आता शिक्षिका म्हणून माझं मत सांगते. शाळा जे शिकवते त्याचीच परीक्षा घेते. जे शिकवत नाही त्याची परीक्षाच होत नाही, मग त्यात पहिला आलेल्याला ते कळणार कसं? नीट बघता येणं ही एक विद्या आहे. भूगोलाच्या तासाला वहीच्या समासात बैलगाडी काढणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्या बैलाचे मागचे पाय नेमके कुठे वाकतात हे त्या मुलाला माहीत असतं आणि वर्गातल्या इतर साठ जणांना माहीत नसतं. या ज्ञानाला प्रगतिपुस्तकात रकाना नाही. म्हणून ते ज्ञान नाही, असं म्हणायचं का? रोझाच्या वडिलांनी तसं म्हटलं नाही, यातच तिचं पुढचं सगळं आयुष्य आलं.

१८४१ साली, एकोणीस वर्षांची असताना तिची दोन चित्रं पॅरिसच्या सलोनमध्ये लागली. सलोन म्हणजे तिथलं सरकारमान्य मोठं प्रदर्शन, तिथे चित्र लागलं की चित्रकार म्हणून जन्म झाला. तिच्या त्या पहिल्या चित्रांपैकी एकात होते गाजरं कुरतडणारे दोन ससे. देव नाही, देवी नाही, राजा नाही, लढाई नाही. ससे आणि गाजरं!

तेव्हाच्या कलाजगात विषयांची उतरंड असे. सगळ्यांत वर इतिहास आणि पुराण. मग व्यक्तिचित्रं. जनावरं अगदी खाली. रोझानं तो खालचा विषय घेतला आणि जन्मभर सोडला नाही. मात्र त्यासाठी जी मेहनत केली ती खालची नव्हती. ती पॅरिसच्या कत्तलखान्यात जाऊन बसू लागली. कातडीखाली स्नायू कसे, स्नायूंखाली हाडं कशी, हे तिला पाहायचं होतं. आमच्यासारख्या शाकाहारी घरात वाढलेल्यांना हे वाचतानासुद्धा कसंसंच होतं. त्या विशीतल्या मुलीनं ते रक्त, तो वास आणि तिथल्या पुरुषांचे शेरे सोसले. का, तर वरवर गोंडस दिसणारं जनावर तिला काढायचं नव्हतं. आतून उभं राहिलेलं जनावर काढायचं होतं.

शिल्पाकडे ती वळली तीही याच ओढीनं. १८४० च्या दशकात सलोनमध्ये चित्रांबरोबर तिची शिल्पंही लागत होती. मेंढी, बैल. आकारानं लहान, पुढे ब्राँझमध्ये ओतलेली. पोळ्याला मातीचा बैल करणाऱ्या पोराला विचारा, बैलाची मान खांद्यात कुठे शिरते हे बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून. रोझाचंही तेच. तिचा भाऊ इझिदोर शिल्पकार झाला. त्याच्या वाटेत आपण नको म्हणून तिनं शिल्पकला मागे ठेवली असं सांगतात. 'भावासाठी बहिणीनं सोडलं' ही गोष्ट आपल्याला ऐकायला फार गोड लागते, म्हणून मी ती जरा जपूनच सांगते. तिच्या हातात कुंचला होता, आणि त्यावर ती घर चालवत होती, हेही त्याच्याबरोबर सांगायला हवं.

१८४८ मध्ये तिला सलोनचं सुवर्णपदक मिळालं आणि सरकारनं तीन हजार फ्रँकला एक चित्र काढायला सांगितलं. तेच 'निव्हेर्ने प्रांतातली नांगरट', १८४९ चं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. अडीच मीटरहून रुंद चित्र. शरदातली पहिली नांगरट चालली आहे. सहा-सहा बैलांच्या दोन नांगरांची रांग चढावर येते आहे. आपल्या बैलांसारखं वशिंड त्यांना नाही, पण बाकी सगळं ओळखीचं. ओढताना खाली गेलेली मान, फुगलेल्या बरगड्या, तोंडाची लाळ, पुढ्यात उलटलेली ओली ढेकळं. माणसं आहेत, पण ती बैलांच्या आड. एक बैल चालता चालता थेट आपल्याकडे बघतो. मी ते चित्र संगणकाच्या पडद्यावरच पाहिलं आहे, तरी त्या बैलाच्या डोळ्यापाशी दर वेळी थांबते. ज्याच्या घरी कधीकाळी बैल होते त्याला त्या नजरेबद्दल सांगायला नको.

त्याच वर्षी वडील वारले. मुलींच्या सरकारी चित्रशाळेचे ते संचालक होते. ती जागा रोझानं घेतली आणि धाकट्या बहिणीच्या मदतीनं १८६० पर्यंत शाळा चालवली. तेव्हा इथून पुढे मी तिला 'अगंतुगं' करणार नाही. शिकवणाऱ्या बाईला आपण 'बाई' म्हणतो. रोझाबाई.

आता येऊ विजारीकडे.

१८५१ च्या उन्हाळ्यापासून दीडेक वर्षं, आठवड्यातून दोनदा, रोझाबाई पॅरिसच्या घोडेबाजारात जात होत्या. उमदे, दांडगे घोडे, त्यांना आवरणारे दलाल, धुरळा, शिव्या. तिथे झगा घालून उभी राहिलेली बाई म्हणजे सगळ्या बाजाराची करमणूक. वहीत एक रेघ मारता आली नसती. म्हणून विजार आणि वर शेतकऱ्यांचा ढगळ अंगरखा. पण पॅरिसमध्ये १८०० सालापासून नियम होता की बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांचा परवाना हवा. बाईंनी तो रीतसर काढला. दर सहा महिन्यांनी नवा करून घ्यायचा. परवान्यावर कारण लिहिलेलं असे प्रकृतीचं, आणि ही विजार घालून नाटकाला, नृत्याच्या समारंभाला जायचं नाही अशी अट. गंमत म्हणजे हा नियम कागदावरून पुसायला कुणाला सवडच झाली नाही. तो आता लागू नाही, असं फ्रान्स सरकारनं जाहीर केलं ते थेट २०१३ मध्ये!

या विजारीवर लोकांनी किती शाई खर्च केली आहे! पण आपल्या नजरेनं बघा. भाताच्या लावणीला उतरणारी आपली बाई नऊवारीचा काष्टा घालते आणि लुगडं गुडघ्यावर खोचून चिखलात उभी राहते. कुणी म्हणतं का की ती पुरुषासारखी वागली? काम तसं मागतं म्हणून ती तसं नेसते. रोझाबाईंची विजार म्हणजे खोचलेला काष्टाच होता. तिचं एवढं मोठं निशाण करून आपण त्यामागचं काम झाकून टाकलं.

त्या दीड वर्षातून जे निघालं ते 'घोडेबाजार' हे चित्र १८५३ च्या सलोनमध्ये लागलं. सुमारे अडीच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद. एखाद्या बाईनं एवढ्या आकाराचं आणि एवढ्या ताकदीचं चित्र काढावं याचंच तेव्हा लोकांना नवल वाटलं. गँबार या कलाव्यापाऱ्यानं ते चाळीस हजार फ्रँकला घेतलं, इंग्लंडला नेलं, राणी व्हिक्टोरियानंही ते पाहिलं. त्याच्या छापील प्रती घरोघर गेल्या. फिरत फिरत ते अमेरिकेत पोचलं. १८८७ मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी ते त्रेपन्न हजार डॉलरला विकत घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला दिलं. आमचा भाचा एकदा तिथे गेला होता. मावशीला चित्र दाखवायचं म्हणून त्यानं मुद्दाम तिथून व्हिडिओ कॉल केला आणि हौसेनं स्वतःच घोड्यांसमोर उभा राहिला. अरे बाबा, तुला मी रोज बघते, जरा बाजूला हो, असं सांगावं लागलं.

या पैशातून बाईंनी फाँतेनब्लोच्या अरण्याजवळ, बी नावाच्या खेड्यात वाडा घेतला. वर्ष १८५९. दुसऱ्या वर्षी तिथे राहायला गेल्या त्या अखेरपर्यंत. मोठी चित्रशाळा बांधली. भोवती मेंढ्या, घोडे, हरणं, बोकड, रानडुकरं. १८६५ मध्ये खुद्द सम्राज्ञी युजेनी तिथे आली आणि तिनं त्यांना लीजन ऑफ ऑनर हा किताब दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री कलावंत. १८९४ मध्ये त्याच किताबाची वरची पायरी, ऑफिसर, हीही मिळाली.

याच वाड्यात सिंह होते. फात्मा नावाची सिंहीण इतकी माणसाळलेली होती की त्यांच्याबरोबर तिचा फोटो आहे. इथे मात्र मी बाईंची वकिली करणार नाही. जंगली जनावर घरी ठेवणं तेव्हा श्रीमंतांना सहज जमत होतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गुन्हा आहे, आणि तेच बरोबर आहे. त्यांनी सिंहांवर माया केली, त्यांचे चेहरे एखाद्या थोर माणसाचं व्यक्तिचित्र काढावं तसे काढले, सगळं मान्य. पण ज्याला आफ्रिकेचं गवत हवं त्याला फ्रान्समधलं अंगण देऊन भागत नाही. थोर माणसांचं सगळंच थोर असतं असं मानायची आपल्याला खोड आहे. ती नसलेली बरी. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवता यायला हव्यात.

मग घरगुती गोष्ट. नताली मिकास ही बाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी चाळीस वर्षं एका घरात राहिल्या. घर, हिशेब, जनावरांची दुखणीखुपणी नताली बघे. डोकं असं चालायचं की तिनं आगगाडीसाठी एक ब्रेक तयार केला आणि त्याची चाचणीही घेतली! दोघींच्या नात्याला आजच्या भाषेत काय म्हणावं यावर बरंच लिहिलं जातं. ज्यानं त्यानं आपापल्या समजेनं म्हणावं. मला दिसतं ते एवढं की दोघींचं घर होतं, आणि १८८९ मध्ये नताली गेली तेव्हा रोझाबाईंचं घर गेलं.

सदुसष्टाव्या वर्षी माणूस एकटा पडला की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. त्याच वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आणि अमेरिकेहून बफेलो बिलचा खेळ आला होता. रानघोडे, गवे, तद्देशीय अमेरिकन स्वार. बाई उठल्या आणि तिथे जाऊन रेखाटनं करू लागल्या. पांढऱ्या घोड्यावर बसलेल्या बफेलो बिलचं त्यांनी काढलेलं चित्र आज अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहे. दुःखावर त्यांनी काय उपाय केला असेल तर हा. नव्या जातीचे घोडे दिसले, तर त्यांचे पाय कसे आहेत ते बघायला गेल्या. मला याचा फार आधार वाटतो. आपल्या वयात लोक सांगतात, आता देवाचं नाव घ्या, आराम करा. आराम कशापासून करायचा? ज्या कामात जीव रमतो त्यापासून?

शेवटच्या वर्षी अॅना क्लुम्पके ही अमेरिकन चित्रकर्ती त्यांचं व्यक्तिचित्र काढायला आली. वर्ष १८९८. बाई शहात्तरच्या, अॅना बेचाळीसची. चित्र झालं, बाईंनी तिला राहून घेतलं, आणि वाडा, चित्रं, सगळं मृत्युपत्रानं तिच्या नावे केलं. भावंडांच्या घरात साहजिकच खळबळ उडाली.

आता इथे नातेवाईक मंडळींनी कान टवकारले असतील! घाबरू नका, माझ्याकडे वाडा नाही. पण मत सांगते. रोझाबाईंनी जे मिळवलं ते स्वतःच्या हातानं मिळवलं होतं आणि जिवंतपणी भावंडांना हातही दिला होता. रक्ताचं नातं हा मायेचा आधार आहे, सातबारा नव्हे. आणि अॅनाचं वागणं बघा. १९०० मध्ये पॅरिसमध्ये चित्रशाळेतल्या दोन हजारांहून अधिक कृतींचा लिलाव झाला. त्याच्या उत्पन्नात तिनं बोनर कुटुंबाला वाटा दिला. १९०८ मध्ये बाईंचं चरित्र लिहून छापलं, बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगावं तसं. वाडा सांभाळला. कोणी वारसदार नेमताना याहून चांगला नेमला असता का? वारसा सांभाळणारा तो वारस. १९४२ मध्ये अॅना गेली, पुढे तिच्या अस्थी पॅरिसला आणून रोझाबाई आणि नतालीच्याच थडग्यात ठेवल्या.

यानंतर विस्मरण आलं. चित्रकलेची वाट बदलली होती. १८७४ मध्ये मोने वगैरे मंडळींनी आपलं वेगळं प्रदर्शन मांडलं आणि बघता बघता जुन्या पद्धतीची रेखीव चित्रं मागे पडली. रोझाबाईंनी चित्रकलेला नवी वाट दिली असं मी म्हणणार नाही. त्या जुन्या वाटेवरच्याच. पण त्या वाटेवर प्रत्येक बैल हा 'एक बैल' न राहता 'तो बैल' झाला, हे त्यांचं देणं. फाँतेनब्लोला १९०१ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं होतं. त्यांच्याच एका छोट्या शिल्पावरून मोठा केलेला ब्राँझचा बैल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये धातूसाठी पुतळे वितळवले गेले, त्यात तो बैलही गेला. म्हणजे बैल खरोखरच नाहीसा झाला, विजारीची गोष्ट तेवढी शिल्लक राहिली.

मला हे इतकं का लागावं? तर सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी सहकारी वारली. भूगोल शिकवायची. फळ्याकडे पाठ न वळवता, वर्गाशी बोलत बोलत, खडूच्या एका रेघेत भारताचा नकाशा काढायची. कच्छच्या आखातापासून सुंदरबनापर्यंत, खाडी न खाडी. अडतीस वर्षं. शोकसभेत सहा जण बोलले. मायाळू होत्या, सगळ्यांचं करायच्या, उकडीचे मोदक काय सुरेख करायच्या, नवऱ्याच्या आजारपणात किती झिजल्या. सगळं खरं. पण नकाशाबद्दल एक अक्षर नाही. वाईट कुणाचाच हेतू नव्हता. बाईच्या कामाकडे बघायची सवयच नाही, त्याला काय करायचं? शेवटी मी उठले आणि नकाशाबद्दल बोलले. मागच्या रांगेत बसलेले तिचे दोन विद्यार्थी, आता पन्नाशीचे, रडायला लागले. मोदकांवर कुणी रडलं नव्हतं.

रोझाबाईंना मोदकांच्या जागी विजार आणि सिंहीण मिळाली, एवढाच फरक. एकीला घरात बसवून विसरलो, दुसरीला जत्रेत बसवून.

आता परिस्थिती जरा पालटते आहे. बीचा तो वाडा एका बाईंनी विकत घेतला, आणि तिथलं संग्रहालय आता लोकांना बघता येतं. २०२२ मध्ये जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा बोर्दो आणि पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. चित्रं पुन्हा भिंतीवर आली. बरं झालं.

त्यांचं एक चित्र मात्र अपुरंच आहे आणि मला तेच सगळ्यांत जवळचं वाटतं. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग भागात गव्हाची मळणी घोड्यांच्या पायाखाली करत. आपल्याकडे खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तसे तिथे घोडे. ते दृश्य बाईंनी सहा मीटरहून रुंद कापडावर मांडायला घेतलं. १८६० च्या दशकात सुरू केलेलं हे चित्र गेल्या त्या वर्षापर्यंत पुरं झालं नव्हतं. घोडे अंगावर धावून येतात, पण काही ठिकाणी नुसता रंगाचा हात फिरवलेला, तपशील भरायचा राहिलेला. आज ते त्यांच्या जन्मगावी, बोर्दोच्या संग्रहालयात आहे.

लोक म्हणतील, अरेरे, राहून गेलं. मला तसं वाटत नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी ज्याचं काही पुरं करायचं राहिलेलं आहे, तो माणूस सकाळी कशासाठी उठायचं हे कुणाला विचारत नाही. उद्याला काही काम शिल्लक असणं याहून म्हातारपणाला आणखी काय हवं?

तेव्हा मंडळी, माझी एक विनंती आहे. तुमच्या माहितीतल्या एखाद्या वयस्क बाईबद्दल चार ओळी लिहायची वेळ आली, मग ती आजी असो, आत्या असो, शाळेतली बाई असो, तर आधी तिला काय येत होतं ते लिहा. स्वभाव मागाहून. आणि ती अजून असेल, तर तिच्या तोंडावरच सांगून टाका. शोकसभेची वाट कशाला बघायची?